सेवेची अट : व्हेरियर एल्विन यांचे धर्मजीवन आणि वनजीवन

माघ पौर्णिमेच्या सुमारास आमगावहून पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या यात्रेकरूंनी भरून जातात. सालेकसा मागे टाकून ही माणसे दरेकसा स्थानकावर उतरतात आणि कचारगडच्या गुहांची वाट धरतात. गोंडांचे देव ह्या गुहेत कोंडले गेले होते व पारी कुपार लिंगो ह्यांनी त्यांची सुटका केली, असे गोंडी परंपरा सांगते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगणा अशा अनेक राज्यांतून गोंड बांधव ह्या यात्रेस येतात. आपण त्यांना दर वर्षी पाहतो. परंतु त्यांच्या गीतांत काय आहे, त्यांचे देव कोण, त्यांचे दुःख काय, हे त्यांना विचारावे असे आपल्यापैकी फार थोड्यांच्या मनात येते.

ज्यांच्या मनात ते आले अशा जुन्या माणसांत दोघे ख्रिस्ती धर्मगुरू होते. पहिले स्टीफन हिस्लॉप. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे. नागपुरात राहून त्यांनी लिंगोचे दीर्घ गीत मिळवले. १८६३ साली त्यांचा पाण्यात बुडून अंत झाला आणि त्यांची टिपणे सर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ साली छापून प्रसिद्ध केली. हिस्लॉप कॉलेजामुळे त्यांचे नाव विदर्भात सर्वांच्या परिचयाचे आहे. दुसरे धर्मगुरू इंग्लंडच्या अँग्लिकन पंथाचे व्हेरियर एल्विन. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्याकडे नाही. आपल्या डोंगरांच्या मागे बालाघाट, आणि त्याच्यापलीकडे मंडला. त्या मंडल्याच्या रानात त्यांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे घालवली. आज त्यांच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असा आमचा विचार आहे.

चरित्र सांगण्यापूर्वी त्यातले सूत्र सांगून टाकणे बरे. दुसऱ्याची सेवा करावयास निघालेला मनुष्य बहुधा मनात एक अट बाळगून निघतो. ‘मी तुला औषध देईन, पण तू माझा देव मान.’ ‘मी तुला शाळा देईन, पण तू दारू सोड.’ ‘मी तुझे रक्षण करीन, पण तू आहेस तसाच राहा.’ अट उच्चारलेली असेल, नसेल, ती असते. एल्विन ह्यांचे सारे आयुष्य ह्या अटींशी झालेल्या झगड्यात गेले. काही अटी त्यांच्यावर इतरांनी घातल्या, त्या त्यांनी झुगारल्या. काही त्यांच्या स्वतःच्याच मनात होत्या; त्या सोडण्यास त्यांना अधिक काळ लागला.

अँग्लिकन धर्मगुरू म्हणजे काय?

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने रोमच्या पोपचे वर्चस्व झुगारले आणि तेथील धर्मसंस्था राजसत्तेशी जोडली गेली. हीच ‘चर्च ऑफ इंग्लंड’ अथवा अँग्लिकन धर्मसंस्था. हिच्यात दोन प्रवाह कायम राहिले. एक बायबल आणि प्रवचन ह्यांवर भर देणारा, धर्मप्रसाराची तळमळ बाळगणारा. दुसरा जुन्या कॅथॉलिक परंपरेतील विधी, मौन, ध्यान आणि संन्यस्त जीवन ह्यांकडे ओढ असणारा. ह्या पंथाचे धर्मगुरू विवाह करू शकतात. धर्मगुरूला प्रथम ‘डीकन’ म्हणजे सेवक म्हणून आणि नंतर ‘प्रीस्ट’ म्हणून दीक्षा मिळते. परंतु दीक्षा मिळाली म्हणजे कोठेही जाऊन धर्मकार्य करता येते असे नाही. ज्या प्रदेशात काम करावयाचे तेथील बिशपचा परवाना लागतो, आणि परवाना घेताना दोन शपथा घ्याव्या लागत : एक बिशपच्या आज्ञेत राहण्याची, दुसरी राजाशी निष्ठेची. राजनिष्ठेची ही शपथ लक्षात ठेवावी, कारण पुढे सारे तिच्यापाशीच अडले.

हिंदुस्थानात ह्या संस्थेचा संबंध सरकारशी फार निकटचा होता. सरकारी पगारावर लष्करी छावण्यांत आणि शहरांत पाद्री नेमले जात. १९३० साली येथील अँग्लिकन धर्मसंस्था कायद्याने इंग्लंडच्या संस्थेपासून वेगळी झाली खरी. परंतु राज्य इंग्रजांचे होते आणि बिशपही बहुतेक इंग्रजच होते. नागपूरचे बिशपक्षेत्र १९०३ साली निर्माण झाले. मंडला जिल्हा आणि आपला त्या वेळचा भंडारा जिल्हा हे दोन्ही त्याच मध्यप्रांतात आणि नागपूरच्या बिशपांच्याच अधिकाराखाली होते. पुढे १९७० साली उत्तर हिंदुस्थानातील अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले व नागपूरचे क्षेत्र त्यात सामील झाले.

बिशपचा मुलगा

व्हेरियर एल्विन ह्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०२ रोजी इंग्लंडमधील डोव्हर येथे झाला. वडील आफ्रिकेतील सिएरा लिओनचे बिशप होते. १९०९ साली पीतज्वराने त्यांचे निधन झाले. मुलगा त्या वेळी अवघा सात वर्षांचा होता. आई कडक धार्मिक वृत्तीची. मुलानेही धर्मसेवेत जावे, ही घरातील स्वाभाविक अपेक्षा. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्य आणि धर्मशास्त्र ह्या दोन्ही विषयांत पहिला वर्ग मिळवला. १९२६ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते विक्लिफ हॉल ह्या पाद्री घडविणाऱ्या संस्थेचे उपप्राचार्य झाले. त्यांनी धर्मदीक्षा घेतली. ह्याच वाटेने जाणारा बुद्धिमान मनुष्य योग्य वेळी इंग्लंडात बिशप होऊन सुखाने निवृत्त होत असे.

परंतु त्यांचे मन दुसऱ्या प्रवाहाकडे वळले होते. मध्ययुगीन संतांचे ग्रंथ, ध्यान, दारिद्र्याचे व्रत आणि असिसीचे संत फ्रान्सिस ह्यांनी त्यांना वेध लावले होते. शिवाय आणखी एक विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. आपले अनेक देशबांधव हिंदुस्थानात काही तरी घेण्यासाठी गेले. आपल्यापैकी एकाने तरी तेथे देण्यासाठी, प्रायश्चित्त म्हणून जावे, अशा आशयाचे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे. १९२७ च्या अखेरीस ते हिंदुस्थानात आले, आणि आले ते थेट पुण्याला.

पुण्याचा आश्रम

पुण्यालाच येण्याचे कारण मराठी वाचकांस विशेष वाटेल. जॅक विन्स्लो नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ साली नगर जिल्ह्यात ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला होता. विन्स्लो ह्यांच्यावर रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा खोल परिणाम झाला होता. टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनीच लिहिले. ख्रिस्ती धर्म हिंदुस्थानात यावयाचा तर तो विलायती कोट-पाटलोण घालून येऊ नये, भारतीय आश्रमाच्या रूपाने यावा, ही टिळकांची आस विन्स्लोंनी उचलली. संघ पुढे पुण्यास शिवाजीनगरला आला. तेथे इंग्रज आणि भारतीय सदस्य एकत्र राहत, खादी वापरीत, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण घेत. ज्या काळी क्लबाच्या दारावर हिंदी माणसास मज्जाव असे, त्या काळी एका पंगतीला बसणे ही लहान गोष्ट नव्हती.

१९२८ च्या जानेवारीत साबरमतीस सर्वधर्मीयांची एक परिषद भरली. एल्विन तेथे गेले आणि गांधीजींच्या ओढीने भारून परत आले. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांनी तो ख्रिस्ताच्या शिकवणीशी सुसंगत आहे असे उघड प्रतिपादन केले व त्यावर ‘ख्राइस्ट अँड सत्याग्रह’ ही पुस्तिका लिहिली. एका इंग्रज पाद्र्याने हे म्हणावे, हे सरकारला कसे रुचावे? त्यांच्यावर पाळत बसली. संघातील काही मंडळींनाही हे राजकारण मानवेना. १९३१ साली एल्विन संघातून बाहेर पडले. त्यांच्याबरोबर संघातलाच एक मराठी ख्रिस्ती तरुण निघाला. त्याचे नाव शामराव हिवाळे. हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. एल्विन ह्यांच्या कार्यातील निम्मा वाटा त्यांचा आहे, असे आमचे मत आहे.

४ जानेवारी १९३२ च्या पहाटे मुंबईस मणिभवनात गांधीजींना अटक झाली, तेव्हा एल्विन आणि शामराव तेथेच मुक्कामाला होते. तो गांधीजींच्या मौनाचा वेळ होता. त्यांनी एल्विन ह्यांना चिठ्ठी लिहून ठेवली आणि आपल्या देशबांधवांइतकेच मी तुमच्या देशबांधवांवर प्रेम करतो, असे तिकडे सांगा, अशा आशयाचा निरोप त्यांच्यापाशी दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत एल्विन वायव्य सरहद्दीवर दडपशाहीची चौकशी करण्यास गेले व तेथून त्यांना हाकलून देण्यात आले.

बिशपची अट

आता प्रश्न होता, काम कोठे करावयाचे? वल्लभभाई पटेल आणि वर्ध्याचे जमनालाल बजाज ह्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून उत्तर निघाले : गोंडांकडे कोणाचेच लक्ष नाही, तिकडे जा. एल्विन आणि शामराव ह्यांनी मंडला जिल्ह्यातील करंजिया हे गाव निवडले. अमरकंटकजवळच्या मैकल डोंगरातले हे गाव आता डिंडोरी जिल्ह्यात मोडते. ३० जानेवारी १९३२ रोजी ते तेथे पोहोचले.

रीतीप्रमाणे एल्विन ह्यांनी नागपूरच्या बिशपांकडे परवाना मागितला. बिशप होते ॲलेक्स वुड. ते काही रानाची ओळख नसलेले गृहस्थ नव्हते. त्यांनी चांद्याच्या मिशनमध्ये पुष्कळ वर्षे काम केले होते. त्यांनी एल्विन ह्यांस राजनिष्ठेची शपथ घ्यावयास सांगितले. शिवाय गोंडांना ख्रिस्ती करण्याचा ह्या गृहस्थांचा इरादाच नाही, ही गोष्टही बिशपांस खटकत होती. एल्विन ह्यांनी शपथ नाकारली. परवाना मिळाला नाही.

ह्यात बिशप वुड ह्यांना खलनायक ठरविण्याचे कारण नाही. ज्या संस्थेचे ते अधिकारी होते तिच्या नियमाप्रमाणे ते वागले. शपथ तर प्रत्येक पाद्र्याने घेतलेली होती. एकाला सवलत का द्यावी? आणि धर्मप्रसार हे ज्याचे कर्तव्य त्यानेच धर्मप्रसार करणार नाही म्हणावे, हे कोणत्या बिशपास पटेल? पण एल्विन ह्यांची बाजू अशी की, ज्या राजसत्तेच्या अन्यायाचे प्रायश्चित्त घ्यावयास आपण आलो तिच्याच निष्ठेची शपथ घेऊन गोंडांपुढे कसे उभे राहावे? दोन प्रामाणिक माणसांमधला हा झगडा होता, म्हणूनच तो सुटला नाही.

पुढे त्याच वर्षी एल्विन इंग्लंडला गेले, तेव्हा परत येण्यासाठी त्यांना पारपत्र मिळेना. राजकारणात भाग घेणार नाही, असे लिहून दिल्यावरच परतीची वाट मोकळी झाली. ही अट त्यांनी मानली. राजकारण सुटले तरी चालेल, गोंड सुटता कामा नयेत, असा हिशेब त्यांनी केला असावा.

करंजियाची टेकडी

करंजियाजवळ टिकरीटोल्याच्या टेकडीवर त्यांनी मातीच्या झोपड्या बांधल्या. एका झोपडीत प्रार्थनामंदिर होते. आश्रमाला संत फ्रान्सिसचे नाव होते. शाळा, दवाखाना आणि महारोग्यांसाठी आसरा अशी कामे सुरू झाली, आणि ‘गोंड सेवा मंडळ’ स्थापन झाले. गावकरी एल्विन ह्यांना ‘बडा भाई’ आणि शामरावांना ‘छोटा भाई’ म्हणू लागले. बड्या भाईने पुस्तके लिहावीत, पैसा उभा करावा; छोट्या भाईने जखमा धुवाव्यात, भांडणे मिटवावीत, पटवारी आणि सावकार ह्यांच्याशी गाठ घालावी, अशी कामाची वाटणी होती. शामरावांनीही पुढे लेखणी हातात घेतली; नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील प्रधान जमातीवरचा त्यांचा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला.

काम वाढू लागले तसा एल्विन ह्यांचा एकेक आग्रह गळू लागला. मंडल्याच्या डोंगरात कापूस पिकत नव्हता. तेथे चरखा आणि खादी ह्यांचा आग्रह धरण्यात काय अर्थ, असा प्रश्न त्यांना पडला. मोहाची दारू गोंडांच्या देवाच्या नैवेद्यात असे, लग्नात असे, मयतीतही असे. ती बंद करा म्हणणे हे नुसते व्यसन सोडा म्हणणे नव्हते, तुमचे सण आणि देव सोडा म्हणण्यासारखे होते. आपल्या भागात मोहफुलांचा हंगाम ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे अधिक सांगावयास नको. गांधीजींविषयीचा आदर कायम राहिला, परंतु आश्रमाच्या शिस्तीची अट गोंडांवर लादणे एल्विन ह्यांना अशक्य झाले.

शेवटी धर्मवस्त्राची पाळी आली. ज्या लोकांमध्ये आपण राहतो ते आपल्या धर्माच्या कसोटीने अपूर्ण आहेत, असे त्यांना मनापासून वाटेनासे झाले होते. जे मनास पटत नाही ते अंगावर वागवणे हा दंभ होय. १९३५ साली त्यांनी धर्मगुरुपद सोडले आणि अँग्लिकन धर्मसंस्थेशी असलेला संबंधही तोडला. बिशपाच्या मुलाने हे करावे, ह्याचे आई-बहिणींना किती दुःख झाले असेल ह्याची कल्पना येते. एल्विन ह्यांनी ते सहज केले असे समजू नये. परंतु टेकडीवरचा दवाखाना बंद पडला नाही, शाळा बंद पडली नाही. वस्त्र उतरले, व्रत राहिले.

बेवरचा प्रश्न आणि डॉ. घुर्ये

येथून पुढे ते अभ्यासक झाले. मानववंशशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. होते ते त्या लोकांत राहणे आणि लेखणी. १९३९ साली ‘द बैगा’ हा ग्रंथ निघाला. बैगा लोक नांगर वापरीत नसत. रानाचा तुकडा तोडावा, उन्हाळ्याच्या शेवटी जाळावा, पावसाच्या तोंडी त्या राखेत बी टाकावे, आणि काही वर्षांनी दुसरा तुकडा धरावा. ह्या शेतीला ‘बेवर’ म्हणतात. नांगराने भुई फाडणे म्हणजे आईची छाती फाडणे, अशी बैगांची समजूत. सरकारच्या जंगलखात्याने बेवर थांबविली आणि १८९० साली मंडला जिल्ह्यातील ‘बैगा चक’ एवढ्यापुरतीच तिला मोकळीक ठेवली. बेवर गेली तेव्हा बैगांची नुसती शेती गेली नाही. त्यांचा आत्मविश्वास गेला, असे एल्विन ह्यांनी दाखवून दिले. १९४२ च्या ‘द अगारिया’ ह्या ग्रंथात लोखंड गाळणाऱ्या जमातीची हीच कथा आहे : भट्टीवर कर बसला, कारखान्याचे स्वस्त लोखंड बाजारात आले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा खालावला. १९४३ साली बस्तरच्या माडियांतील खून आणि आत्महत्या ह्यांवर, १९४७ साली मुरियांच्या घोटुलावर त्यांचे ग्रंथ आले. आपल्या गडचिरोलीचे माडिया ह्याच आप्तकुलातले.

परंतु ‘द बैगा’ ह्या ग्रंथात एल्विन ह्यांनी एक सूचना केली आणि तिच्यावरून मोठे वादळ उठले. बैगांसाठी एक प्रकारचे राखीव क्षेत्र करावे, सावकार, दारूचे ठेकेदार आणि पाद्री ह्यांना त्यात मज्जाव असावा, असा तिचा आशय होता. तिला त्यांनी ‘राष्ट्रीय उद्याना’ची उपमा दिली. माणसांचे उद्यान! राष्ट्रवादी मंडळींनी ह्या शब्दावरून त्यांना फाडून खाल्ले. सर्वांत भक्कम उत्तर दिले ते एका मराठी विद्वानाने. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये, मूळचे मालवणचे, ह्यांनी १९४३ साली आदिवासींच्या भवितव्यावर ग्रंथ लिहून प्रतिपादन केले की, ह्या जमाती वेगळ्या नाहीत. शतकानुशतके हिंदू समाजाशी त्यांची देवाणघेवाण चालू आहे. त्यांना अलग ठेवणे म्हणजे त्यांना मागे ठेवणे होय.

आमच्या मते ह्या वादात दोघांच्याही पदरात सत्याचा वाटा होता. घुर्ये ह्यांचे म्हणणे खरे की, कोणत्याही समाजाभोवती कुंपण घालता येत नाही आणि घालूही नये. बैगाच्या मुलाला रेल्वेत नोकरी करावीशी वाटली, तर त्याला ‘तू रानातच शोभतोस’ असे सांगणारे आपण कोण? येथे एल्विन ह्यांच्या मनातील अट उघडी पडली : ‘तू आहेस तसाच राहा.’ पण एल्विन ह्यांचेही म्हणणे खरे की, बलवान समाज दुबळ्या समाजात मिसळतो तेव्हा दुबळ्याच्या वाट्याला बहुधा मजुरी, कर्ज आणि लाज एवढेच येते. मिसळणे बरोबरीचे असेल तरच त्याला मिसळणे म्हणावे.

शेवटचे पर्व

एल्विन ह्यांचे मोठेपण असे की, टीकेने ते चिडून बसले नाहीत. त्यांचे मत हळूहळू बदलले. १९४६ साली ते भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे उपसंचालक झाले. १९५४ साली त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. ज्या राजाशी निष्ठेची शपथ त्यांनी नाकारली होती त्याच्या राज्याऐवजी एका प्रजासत्ताकाशी त्यांनी आपणहून निष्ठा जोडली. त्याच वर्षी ईशान्य सीमा प्रदेशाचे, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाचे, आदिवासीविषयक सल्लागार म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९५७ साली ‘अ फिलॉसफी फॉर नेफा’ हा ग्रंथ निघाला. त्यात उद्यान नाही, कुंपण नाही, घाईने एकरूप करण्याचा आग्रहही नाही.

१९५९ च्या दुसऱ्या आवृत्तीला पंडित नेहरूंची प्रस्तावना आहे. आदिवासींसाठीचे पंचशील म्हणून पुढे गाजलेली पाच तत्त्वे तीत आली. त्यांचा सारांश असा : लोकांनी आपल्या प्रकृतीनुसार वाढावे, त्यांच्यावर काही लादू नये, जमीन आणि जंगल ह्यांवरील त्यांचे हक्क राखावेत, कारभार आणि विकास ह्यांसाठी त्यांच्यातीलच माणसे तयार करावीत, त्यांच्या प्रदेशात अधिकाऱ्यांची आणि योजनांची गर्दी करू नये, आणि कामाचे मोजमाप आकड्यांनी वा खर्चलेल्या पैशांनी न करता घडलेल्या माणसांवरून करावे. ह्या पाचांपैकी एकही तत्त्व अंमलात आणणे सोपे नाही. दुसरेच घ्या. जंगलावरील हक्काचा कायदा होण्यास २००६ साल उजाडावे लागले, आणि शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ह्या गोंड गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ साली.

१९६१ साली एल्विन ह्यांना पद्मभूषण मिळाले. २२ फेब्रुवारी १९६४ रोजी दिल्लीस त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र त्याच वर्षी बाहेर पडले आणि त्याला १९६५ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

उणी बाजू

चरित्र सांगताना उणी बाजू झाकणे हा श्रोत्यांचा अपमान होय. एल्विन ह्यांनी १९४० साली एका गोंड तरुणीशी विवाह केला. तिच्या समाजाविषयी त्यांनी पुष्कळ लिहिले. १९४९ साली हा विवाह घटस्फोटाने संपला. पुढे पाटणगढच्या प्रधान समाजातील स्त्रीशी त्यांनी दुसरा संसार केला. पहिली पत्नी रानातच राहिली आणि तिचे पती देशभर कीर्ती पावले. महामहोपाध्याय मिराशींनी ज्या भवभूतीचे पद्मपूर म्हणून आमगावशेजारचे गाव ओळखले, त्या भवभूतीने लोकांसाठी झटणाऱ्या पुरुषाच्या घरात काय घडते ह्यावरच आपले थोर नाटक उभारले. त्या गावाशेजारच्या श्रोत्यांना ह्यावर अधिक भाष्य नको. सबंध जमातीचे मन जाणणाऱ्या पुरुषालाही एका माणसाशी न्यायाने वागणे कठीण जाते, एवढे त्यातून दिसते. त्यामुळे त्यांचे काम खोटे ठरत नाही. पण त्यांचा देव्हारा करण्याचेही कारण उरत नाही.

आणि ज्यांचा देव्हारा कोणीच केला नाही त्या शामरावांचे काय? एल्विन शिलाँगला गेले, तरी शामराव पाटणगढलाच काम करीत राहिले. ह्याच पाटणगढच्या प्रधान घराण्यात पुढे जनगडसिंह श्याम हा चित्रकार जन्मला. त्याच्या रेषांनी गोंड चित्रकला देशोदेशी पोहोचविली आणि आज त्या गावात घरोघरी चित्रकार आहेत. एल्विन-हिवाळे ह्यांनी ती चित्रे शिकवली नाहीत. असा दावा कोणी करू नये. परंतु ज्या गावाच्या गाण्यांना आणि कथांना कोणी हलके म्हटले नाही, त्या गावाच्या पोरांना आपल्या देवांची चित्रे काढण्याची लाज वाटली नाही, एवढे मात्र म्हणता येईल.

आपल्यापुरते

२०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख लोक होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत अजून त्या भाषेला स्थान नाही. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव ह्या भागांतील गोंड बांधव आमगावच्या बाजारात येतात, आपल्या शाळांत त्यांची मुले शिकतात. त्यांच्याकरिता काही करावे, असे वाटणारे सज्जन आपल्या गावात आहेत. कोणी वसतिगृहास धान्य देतो, कोणी पुस्तके देतो. हे चांगलेच आहे. आम्ही एवढेच सुचवू की, देण्याआधी आपल्या मनातील अट तपासून पाहावी. ते पोर आपल्यासारखे बोलू लागावे, त्याने आपल्या आजीची भाषा विसरावी, असे तर आपल्याला वाटत नाही ना? की त्याने सणाच्या दिवशी पिसे लावून आपल्यापुढे नाचावे, एवढ्यापुरताच त्याचा गोंडपणा आपल्याला हवा आहे?

नागपूरच्या बिशपांनी एका तरुण पाद्र्याला परवाना नाकारला, म्हणून त्याला अटीवाचून सेवा करण्याचा अभ्यास करावा लागला. तो अभ्यास त्याला तीस वर्षे पुरला, आणि पुरा झाला असेही म्हणवत नाही. आपल्याला परवाना मागावयाचा नाही आणि शपथही घ्यावयाची नाही. सालेकसा येथून जवळ आहे. सुरुवात म्हणून, आपल्या शेजारी राहणाऱ्या गोंड कुटुंबाला त्यांच्या देवाचे नाव विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत स्वस्थ बसून ऐकावे.